सांध्यांतील दाह आणि त्याचा उपशम

'वात' हा शब्द मराठी घरांत जितक्या सहजपणे उच्चारला जातो, तितक्या सहजपणे दुसऱ्या कोणत्याही दुखण्याचे नाव क्वचितच उच्चारले जात असेल. आजोबांचा गुडघा जिना चढताना कुरकुरू लागला, की तो वात. मेजवानीच्या रात्री मामांच्या पायाचा अंगठा लाल होऊन सुजला, की तोही वात. आणि तिशीतल्या सुनेला सकाळी उठल्यावर मूठ वळेना, पोळपाटावर लाटणे फिरवता येईना, म्हणजे तोही वातच. तीन निरनिराळी दुखणी अशी एका शब्दात कोंबली, म्हणजे तिघांना एकच तेल, एकच शेक आणि एकच गोळी मिळते. आणि तिघांनाही एकच उपदेश होतो, की हे असेच चालायचे, ते अंगवळणी पाडून घ्यावे. आजोबांचे ह्या उपदेशाने फारसे बिघडत नाही. मामांचे दुखणे त्या खेपेपुरते आठ-दहा दिवसांत ओसरते. परंतु सुनेचे मात्र फार मोठे नुकसान होते. कारण तिच्या सांध्यांत जे चालले आहे ती झीज नसून दाह आहे, आणि दाहाला मोकळा सोडलेला प्रत्येक महिना तो हाडांतून वसूल करून घेतो.

तेव्हा दाह म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने दाहाची चार लक्षणे लिहून ठेवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. अवयवाचे काम बंद पडणे, हे पाचवे लक्षण मागाहून जोडले गेले. जवळजवळ दोन हजार वर्षे लोटली, तरी ह्या यादीतील एकही लक्षण खोडावे लागलेले नाही. मात्र प्रत्येक लक्षणामागील कारण आज अधिक स्पष्ट झाले आहे. पायात बाभळीचा काटा मोडला, म्हणजे तेथील पेशी काही रासायनिक द्रव्ये सोडून धोक्याची सूचना देतात. त्या सूचनेसरशी आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात; रक्ताचा पुरवठा वाढतो, म्हणून ती जागा लाल व ऊन होते. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होऊन त्यांतून द्रव झिरपतो, म्हणून सूज येते. मज्जातंतूंची टोके हळवी होतात, म्हणून ठणका लागतो. आणि ह्याच सैल भिंतींतून रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतात, मेलेला भाग साफ करतात आणि जखम भरून येण्याची तयारी करतात. काम आटोपले, की सूचना थांबते, पेशी पांगतात आणि जागा पूर्ववत होते.

ह्यावरून दाह हा मूळचा शत्रू नव्हे, हे ध्यानात येईल. तो नसता तर साध्या काट्यानेही माणूस दगावला असता. चुलीत असेपर्यंत विस्तव अन्न शिजवतो. तोच वाशाला लागला, म्हणजे घर जाळतो. संधिवाताच्या कित्येक प्रकारांत नेमके हेच घडते. विस्तव पेटतो तो विनाकारण, किंवा कारण संपल्यावरही विझत नाही.

हा विस्तव सांध्यात कोठे पेटतो, हे समजण्यासाठी सांध्याची रचना थोडक्यात लक्षात घ्यावी लागते. सांधा म्हणजे केवळ दोन हाडांची गाठ नव्हे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. ह्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, आणि म्हणून एकदा ती झिजली की पुरती भरून येत नाही. सांध्याभोवती एक पिशवी असते आणि त्या पिशवीला आतून एक अत्यंत पातळ, नाजूक अस्तर असते. हे अस्तर अंड्यातील पांढऱ्यासारखा चिकट द्रव पाझरवते. तोच सांध्याचे वंगण आणि तोच कूर्चेचे पोषण. निरोगी माणसाच्या गुडघ्यातही हा द्रव चमचाभरापेक्षा जास्त नसतो. दाहाचे मुख्य ठाणे म्हणजे हे अस्तर.

आता वर सांगितलेल्या तीन दुखण्यांकडे पुन्हा वळता येईल. आजोबांच्या गुडघ्यात मुख्यतः कूर्चा झिजली आहे. वय, शरीराचे वजन, पूर्वीची दुखापत आणि घराण्यातील प्रवृत्ती ही त्या झिजेची प्रमुख कारणे होत. तेथेही थोडाफार दाह असतो, परंतु तो सौम्य असतो. अशा गुडघ्याचा आखडलेपणा सकाळी दहा-पंधरा मिनिटांत मोकळा होतो, आणि दुखणे चालण्याने वाढून विसाव्याने उतरते. वजन घटवणे आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, हा त्यावरील पहिला उपचार. सांधा अगदीच निकामी झाला, तर तो शस्त्रक्रियेने बदलता येतो.

मामांच्या अंगठ्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे रक्तात साचलेल्या यूरिक आम्लाचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात उतरलेले असतात. आल्फ्रेड गॅरड ह्या इंग्रज वैद्याने १८४८ साली अशा रुग्णांच्या रक्तात यूरिक आम्ल साचलेले असते, हे दाखवून दिले. पांढऱ्या पेशी ह्या स्फटिकांना परकी वस्तू समजून गिळू पाहतात, आणि क्षणात भडका उडतो. इंग्रजीत ह्या रोगाला गाऊट म्हणतात. त्याच्या उपचारात एक बोध साठवलेला आहे. भडका शमवणारे औषध वेगळे आणि यूरिक आम्ल कमी करणारे औषध वेगळे. जो रुग्ण केवळ भडक्याच्या वेळी गोळी घेतो आणि यूरिक आम्लाकडे दुर्लक्ष करतो, त्याचा विस्तव विझतो, परंतु सरपण तसेच रचलेले राहते.

येथेच एक इशारा देऊन ठेवणे अवश्य आहे. एकच सांधा एकाएकी सुजून लालबुंद झाला आणि त्याबरोबर थंडी वाजून ताप आला, तर सांध्यात प्रत्यक्ष जंतूंचा शिरकाव झाला असण्याची शक्यता असते. अशा वेळी शेक-लेप करीत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठले पाहिजे. कारण जंतू थोड्या दिवसांत सांध्याचा नाश करतात. उलटपक्षी, काही विषाणूंच्या तापानंतर अनेक सांधे एकदम धरतात. चिकुनगुन्याचा अनुभव महाराष्ट्राला १९७३ साली बार्शीच्या साथीत आला, आणि २००६ च्या मोठ्या साथीत तो घरोघर पोहोचला. त्या तापातून उठलेली कित्येक माणसे पुढे महिनोन्महिने भिंतीचा आधार घेऊन चालत होती. विषाणू निघून गेल्यावरही दाह कसा रेंगाळतो, ह्याचे हे ठळक उदाहरण होय.

परंतु दाहाचे सर्वांत हट्टी रूप दिसते ते सुनेच्या दुखण्यात. ह्यालाच आमवात म्हणतात. 'माधवनिदान' ह्या प्राचीन वैद्यकग्रंथात आमवातावर स्वतंत्र अध्याय आहे; युरोपात ह्या रोगाला आजचे इंग्रजी नाव सुचवले ते वर उल्लेखिलेल्या गॅरड ह्यांनीच, १८५९ साली. ह्या रोगात बाहेरचा काटा नसतो, स्फटिक नसतात, जंतूही नसतात. शरीराची संरक्षणयंत्रणाच आपपरभाव विसरते आणि स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर चाल करून जाते. हा भ्रम का होतो, ह्याचे संपूर्ण उत्तर अद्याप हाती आलेले नाही. घराण्यातील प्रवृत्तीचा त्यात काही वाटा असतो, धूम्रपानाने धोका निश्चित वाढतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा रोग दुप्पट-तिपटीने आढळतो. कित्येक रुग्णांच्या रक्तात तर लक्षणे दिसण्याच्या काही वर्षे आधीपासूनच स्वतःच्या शरीराविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडतात.

एकदा हल्ला सुरू झाला, की ते पातळ अस्तर जाड होऊ लागते. त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पांढऱ्या पेशींची दाटी होते, आणि शेवाळ पायरीवर पसरावे तसे ते अस्तर कूर्चेवर पसरत जाते. त्यातून सुटणारी द्रव्ये कूर्चा विरघळवतात आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींना चेतवतात. हाडाच्या कडेला पडलेले हे खड्डे क्ष-किरणांच्या चित्रांत दिसू लागतात, आणि पुष्कळ रुग्णांत ते पहिल्या दोन वर्षांतच दिसतात. पुढे सांध्याला बांधून ठेवणारे बंध सैल पडतात. बोटे करंगळीच्या बाजूला कलतात, मनगट बसते. एवढ्यावरही हा रोग थांबत नाही. दाहाची द्रव्ये रक्तातून सर्वत्र फिरत असल्यामुळे रक्तक्षय होतो, विलक्षण थकवा येतो, फुप्फुसांना व डोळ्यांना इजा पोहोचू शकते आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणजे ज्याला सांध्यांचे दुखणे म्हणून बाजूला टाकले जाते, तो खरोखर साऱ्या देहाचा रोग असतो.

हा रोग विरळा नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा ह्यांच्या नेतृत्वाखाली घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करण्यात आली. त्यांतील सुमारे १८ टक्के माणसांना हाडे, सांधे अथवा स्नायू ह्यांची काही ना काही पीडा होती; आणि खऱ्या आमवाताचे प्रमाण जवळपास अर्धा टक्का, म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे एक, असे निघाले. एखाद्या मोठ्या चाळीत किंवा वसाहतीत असा एखादा तरी रुग्ण असणारच, असा ह्याचा अर्थ होतो.

ह्या विस्तवाला अटकाव करणारे साधन हाताशी नसले, तर त्याची परिणती काय होते, हे फ्रेंच चित्रकार ऑग्युस्त रनवार ह्याच्या चरित्रात दिसते. पन्नाशीच्या सुमारास त्याला आमवाताने गाठले. थंडी टाळण्यासाठी तो दक्षिण फ्रान्समधील कान्य ह्या गावी राहावयास गेला. बोटे लवचिक राहावीत म्हणून तो चेंडू झेलण्याचा सराव करी. १९१२ नंतर त्याचे चालणे संपले आणि तो चाकांच्या खुर्चीला खिळला. बोटे तळहातात अशी वळली, की नखे कातड्यात रुतू नयेत म्हणून हाताला पट्ट्या गुंडाळाव्या लागत. कुंचलाही दुसऱ्याने त्याच्या हातात बसवून द्यावा लागे. तरीही १९१९ साली मरण येईपर्यंत तो रंगवीत राहिला. ह्या जिद्दीला नमस्कार करावा तेवढा थोडाच. परंतु ह्या चरित्रावरून सोसण्याचा धडा घेणे मात्र चुकीचे होईल. रनवार सोशिक होता, कारण त्याच्या काळी सोसण्यावाचून दुसरा उपायच नव्हता. आज ती स्थिती राहिलेली नाही.

उपायांचा इतिहास सुरू होतो तो वेदनेपासून. विलो नावाच्या झाडाची साल तापावर व दुखण्यावर वापरण्याची चाल युरोपात जुनी होती. १८७६ साली मॅक्लॅगन ह्या स्कॉटिश वैद्याने त्या सालीतील सॅलिसिन हे द्रव्य सांधे धरलेल्या तापात देऊन त्याचा गुण प्रसिद्ध केला. १८९७ साली जर्मनीतील बायर कारखान्यात त्याच कुळातील अ‍ॅस्पिरिन शुद्ध रूपात तयार झाले आणि १८९९ पासून ते बाजारात आले. ते शरीरात नेमके काय करते, हे मात्र त्यानंतर ७० वर्षांहून अधिक काळाने, १९७१ साली, जॉन व्हेन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने उलगडले. दुखावलेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनवतात. रक्तवाहिन्या रुंदावणे आणि मज्जातंतू हळवे करणे ही त्यांची कामे. अ‍ॅस्पिरिन व त्याच्या पुढील पिढीतील आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक इत्यादी गोळ्या ह्या द्रव्यांची निर्मितीच रोखतात. व्हेन ह्यांना ह्या शोधाबद्दल १९८२ सालचे नोबेल पारितोषिक दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर विभागून मिळाले.

ह्या गोळ्यांनी ठणका उतरतो, सूजही काहीशी कमी होते, आणि म्हणून रुग्णाला बरे वाटते. परंतु प्रोस्टाग्लँडिन हा दाहाच्या अनेक दूतांपैकी एक दूत आहे. त्याचे तोंड बंद केले, तरी अस्तराचे जाड होणे आणि हाडाचे कुरतडले जाणे हे चालूच राहते. घरात धोक्याची घंटा वाजत असताना घंटेवर उशी दाबून ठेवावी, त्यातलाच हा प्रकार. शिवाय तीच प्रोस्टाग्लँडिने जठराच्या अस्तराचे रक्षण करतात व मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा राखतात. म्हणून दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या गोळ्या महिनोन्महिने घेणाऱ्याच्या पोटात व्रण पडतो, रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडेही दगा देऊ शकतात. पोटाला जपणारी म्हणून गाजलेली रोफेकॉक्सिब ही त्याच कुळातील गोळी हृदयविकाराचे झटके वाढवते असे आढळल्यावर २००४ साली जगभर मागे घ्यावी लागली. थोड्या दिवसांच्या सोबतीला ही औषधे चांगली. परंतु आमवाताचा कारभार त्यांच्या हाती सोपवता येत नाही.

दाहावर सरळ घाव घालणारे पहिले प्रभावी अस्त्र सापडले ते १९४८ साली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉ. फिलिप हेंच ह्यांना १९२९ पासून एक गोष्ट खटकत होती. आमवाताच्या रुग्णाला कावीळ झाली, किंवा रुग्ण स्त्रीला दिवस गेले, की तिचे सांधे काही काळ आश्चर्यकारक रीतीने मोकळे होत. शरीर स्वतःच दाहशामक असे काही द्रव्य निर्माण करीत असले पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडॉल हे मूत्रपिंडांवरील ग्रंथींचा स्राव तपासत होते. त्यातील एक द्रव्य २१ सप्टेंबर १९४८ रोजी २९ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला प्रथम टोचण्यात आले. बिछान्यावर कुशी बदलणेही जिला कठीण झाले होते, ती स्त्री आठवडाभरात बाजारात हिंडून आली. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिझोन. १९५० सालचे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन ह्या तिघांना मिळाले.

परंतु लवकरच दुसरी बाजू दिसू लागली. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास कॉर्टिझोन व त्याच्या जातीची स्टेरॉइड औषधे चेहरा गोल करतात, हाडे ठिसूळ करतात, रक्तातील साखर व रक्तदाब वाढवतात आणि जंतूंना वाट मोकळी करून देतात. ती एकाएकी थांबवली, तर शरीराचा स्वतःचा स्राव मंदावलेला असल्याने जीवावर बेतू शकते. म्हणून आज त्यांचा उपयोग बेताच्या मात्रेत, थोड्या काळापुरता, मुख्य औषधाचा गुण येईपर्यंतचा पूल म्हणून केला जातो. जडीबुटीची म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेले असते, हे गृहिणींनी विशेष लक्षात ठेवावे. ज्या पुडीने चार दिवसांत वर्षाचे दुखणे पळते, तिच्याविषयी आनंदापेक्षा संशय अधिक वाटला पाहिजे.

ज्याला मुख्य औषध म्हटले, त्याच्या जन्माशी एका भारतीयाचे नाव निगडित आहे. आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधन करीत असत. फोलिक आम्ल हे जीवनसत्त्व आणि त्याला विरोध करणारी द्रव्ये त्यांच्या देखरेखीखाली तेथे तयार झाली. त्यांतील एका द्रव्याने मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाला काही काळ उतार पडतो, असे सिडनी फार्बर ह्यांनी १९४८ साली दाखवले. त्याच वर्षी सुब्बाराव निधन पावले. १९५१ साली गबनर व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की हेच द्रव्य अल्प मात्रेत आमवाताचाही दाह उतरवते. पण कॉर्टिझोनच्या झगमगाटात तिकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९८५ च्या सुमारास काटेकोर चाचण्या झाल्या, १९८८ साली अमेरिकन सरकारने आमवातासाठी त्याच कुळातील मेथोट्रेक्सेटला मान्यता दिली, आणि तेव्हापासून ते आमवाताच्या उपचाराचा कणा होऊन बसले आहे.

मेथोट्रेक्सेटविषयी तीन गोष्टी घरातील प्रत्येकाला ठाऊक असाव्यात. पहिली, ते आठवड्यातून एकच दिवस घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतले गेले, तर ते विषासमान ठरते. म्हणून वार ठरवून तो कॅलेंडरवर खुणेने मांडून ठेवणे श्रेयस्कर. दुसरी, त्याचा गुण दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत आराम नाही म्हणून ते सोडून देणे म्हणजे पेरणी करून आठव्या दिवशी शेत नांगरून टाकण्यासारखे आहे. तिसरी, त्याच्या सोबत फोलिक आम्लाची गोळी आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी ही हवीतच. यकृत व रक्तपेशी ह्यांवर नजर ठेवावी लागते, मद्य वर्ज्य करणे हिताचे असते, आणि गर्भारपणात हे औषध मुळीच चालत नाही. अपत्याची इच्छा असणाऱ्या स्त्रीने आपला विचार डॉक्टरांना आधीच सांगावा. तिच्यासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व सल्फासॅलाझिन ह्यांसारखी दुसरी औषधे उपलब्ध आहेत.

ह्या औषधांनीही जे रुग्ण आटोक्यात येत नसत, त्यांच्यासाठी पुढचे पाऊल लंडनमध्ये पडले. मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियान्याचे रविंदर मैनी ह्या दोघांनी आजारी सांध्याच्या अस्तरातील दूतद्रव्यांचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला, की टीएनएफ हे त्या साऱ्या दूतांचे म्होरके आहे. १९९२ साली चेरिंग क्रॉस रुग्णालयात टीएनएफला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये प्रथम रुग्णांना देण्यात आली, आणि कित्येकांच्या सांध्यांचा दाह थोड्याच दिवसांत उतरला. त्यानंतर दाहाच्या अन्य दूतांना अडवणारी औषधेही आली. काही टोचून घ्यावयाची, काही पोटात घ्यावयाच्या गोळ्या. परंतु ज्या टीएनएफमुळे सांधा जळतो, तेच टीएनएफ शरीरात दडून बसलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे कामही करते. म्हणून भारतासारख्या देशात अशी औषधे देण्यापूर्वी छातीचे चित्र व क्षयाची तपासणी करणे अनिवार्य असते. ही औषधे महागही आहेत. भारतीय कारखान्यांत ती तयार होऊ लागल्यापासून किमती उतरल्या, तरी मध्यम स्थितीच्या कुटुंबाला त्यांचा भार जाणवतोच. सुदैवाने, वेळेवर आरंभ केला तर अनेकांचे काम साध्या व स्वस्त औषधांतच भागते.

'वेळेवर' हा शब्द येथे सर्वांत मोलाचा आहे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत उपचार सुरू झाला, तर दाह पूर्ण शमण्याची शक्यता पुष्कळ वाढते. आणि केवळ औषध सुरू करूनही भागत नाही. दाहावर सतत नजर ठेवावी लागते. ग्लासगो येथील एका चाचणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. तीत ११० रुग्णांचे दोन गट केले होते. औषधे दोन्ही गटांना सामान्यतः त्याच जातीची उपलब्ध होती. फरक एवढाच, की एका गटाला तीन महिन्यांनी नेहमीप्रमाणे तपासले जाई, तर दुसऱ्या गटातील प्रत्येक रुग्णाचे सुजलेले सांधे दरमहा मोजून, दाह उरला असेल तर औषध वाढवले जाई. दीड वर्षानंतर पहिल्या गटातील १६ टक्के रुग्णांचा रोग शांत झाला होता. दुसऱ्या गटातील ६५ टक्क्यांचा. एवढे मोठे अंतर कोणत्याही नव्या शोधाने पडले नव्हते. ते मोजमापाने आणि सातत्याने पडले होते.

आता घरातल्या माणसांनी ओळखावे कसे? सकाळी उठल्यावर हातांचा आखडलेपणा अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून अधिक टिकतो काय? दोन्ही हातांच्या बोटांचे मुळाकडील व मधले सांधे, मनगटे, पायांचे चवडे हे एकाच वेळी दुखतात काय? ते मऊसर सुजतात काय? कालपर्यंत सहज चढणाऱ्या बांगड्या आज चढत नाहीत, बरणीचे झाकण उघडत नाही, ओले कपडे पिळवत नाहीत, आणि हे सारे सहा आठवडे चालले आहे काय? असे असेल, तर संधिवाताच्या जाणकार डॉक्टरांचा सल्ला घेण्यात दिरंगाई करू नये. रक्ताच्या तपासण्या निदानाला मदत करतात. पण रक्तातील संधिवात-घटक 'नाही' असा निघाला म्हणून आमवात नाहीच, असे ठरत नाही. सुजलेला सांधा हाताने चाचपून पाहणाऱ्या वैद्याची जागा कागदावरील आकडा घेऊ शकत नाही.

आहार व व्यायाम ह्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. दही, चिंच, लिंबू खाल्ल्याने आमवात होतो, ह्या समजुतीला आधार मिळालेला नाही. उलट पथ्याच्या नावाखाली दूध, डाळी, फळे सोडून रुग्ण अधिक अशक्त होतो. तंबाखू व विडी सोडणे हे मात्र खरे पथ्य होय. पूर्वी अशा रुग्णांना महिनोन्महिने अंथरुणात ठेवीत. आज असे दिसून आले आहे, की दाह ऐन भरात असताना सांध्याला विसावा आणि तो उतरू लागताच नियमित हालचाल, हाच क्रम हितकर ठरतो. कोमट पाण्यात हात बुडवून बोटे उघडमीट करणे, रोज चालणे, हे उपाय औषधाची जागा घेत नाहीत. ते औषधाचे काम पुरे करतात.

आमवात समूळ नाहीसा करणारे औषध अद्याप निघालेले नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बरे वाटू लागले म्हणून औषध आपल्या मनाने बंद केले, तर विझलेली राख पुन्हा धुमसू लागते. तथापि वेळेवर आणि चिकाटीने उपचार घेणारी कित्येक माणसे आज नोकरी करतात, मुले वाढवतात, हार्मोनियम वाजवतात, आणि त्यांचे हात पाहून रोगाची शंकाही येत नाही. सोशिकपणा हा भारतीय स्त्रीचा गुण म्हणून फार वाखाणला गेला आहे. अन्य दुःखांत तो शोभत असेल. परंतु सुजलेल्या सांध्याच्या बाबतीत तो केवळ दाहाच्या पथ्यावर पडतो. म्हणून कुटुंबातील कोणी सकाळी मूठ वळत नाही असे म्हणाले, तर 'दुखणे थांबले का?' एवढे विचारून भागणार नाही. 'सूज उतरली का?' हा प्रश्न त्याच्या जोडीला विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर 'नाही' असे असेल तोवर उपचाराचे काम अपुरेच आहे असे समजले पाहिजे.